धर्माच्या रकान्यात खोटं लिहिलं नाही म्हणून

प्रति,
मा. न्यायपालिका प्रमुख,
इराणचं इस्लामी प्रजासत्ताक, तेहरान
(मार्फत : इराणचा वाणिज्य दूतावास, मुंबई)

विषय : केवळ बहाई धर्माचे असल्याबद्दल तुरुंगात टाकलेल्या इराणी नागरिकांच्या सुटकेबाबत

महोदय,

हे पत्र मी मराठीत लिहिते आहे, कारण मनातलं नीट सांगता येईल अशी माझी भाषा हीच. आपल्याला ती अगदीच परकी वाटू नये. अर्ज, फिर्याद, कैद, जामीन, वकील, दाद : आमच्या कोर्टकचेरीतले कितीतरी शब्द फारसीच्या वाटेने आमच्याकडे आले आणि घरचे होऊन बसले. त्यातल्या एका शब्दापाशी मी शिकवताना नेहमी थांबत असे. फारसीत ‘गुनाह’ म्हणजे पाप. मराठीत येईपर्यंत त्याचा ‘गुन्हा’ झाला, म्हणजे कायदा मोडणं. पाप असेल तर त्याचा जाब देवाने विचारावा, गुन्हा असेल तर कोर्टाने, एवढा फरक आम्ही मराठी माणसांनी त्या एका शब्दात करून ठेवला. बहाईंच्या बाबतीत आपल्या न्यायालयांनी हा फरक पुसून टाकला आहे. ज्याला आपण पाप समजता, त्याची शिक्षा आपण गुन्हा म्हणून देता. माझी फिर्याद त्याबद्दल आहे.

मी पुण्याची. बत्तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झाले. मी बहाई नाही. आमच्या घरात गणपती बसतो, मी एकादशी करते. तरी हे पत्र मी का लिहिते आहे, हे सांगायला मला चाळीस वर्षं मागे जावं लागेल.

1983 च्या जून महिन्यात मी सतरा वर्षांची होते. बारावीची परीक्षा झाली होती. आमच्या घराजवळच्या कोपऱ्यावर एक इराण्याचं हॉटेल होतं. सकाळचा ब्रून पाव तिथूनच यायचा. गल्ल्यावर बसणाऱ्या काकांच्या डोक्यावर काचेच्या चौकटीत सोनेरी वळणदार अक्षरं होती. ते अल्लाचं नाव असेल अशी आम्हा मुलांची समजूत. त्या दिवसांत अख्ख्या गल्लीला क्रिकेटशिवाय काही सुचत नव्हतं. 18 जूनला कपिल देवने झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद 175 केल्या, 17 धावांत 5 गडी बाद झालेले असताना. 25 च्या रात्री विश्वचषक आपला झाला. रविवारी सकाळी वडिलांनी पेढे आणले आणि मी डबा घेऊन चार घरं फिरत त्या हॉटेलात गेले. पुढची फळी अर्धी लावलेली होती. काकांनी पेढा घेतला, कपाळाला लावला आणि खाल्ला नाही, कागदावर ठेवून दिला. मी विचारलं, काका, बरं नाही का? ते म्हणाले, “शिराझ में हमारी दस औरतों को फाँसी दिया बेटा. एक लडकी तेरी उमर की थी.”

ती कोण, का, हे मला त्या दिवशी कळलं नाही. ‘हमारी’ म्हणजे काय हेही कळलं नाही. घरी आले आणि रेडिओवर पुन्हा सामन्याचं वर्णन ऐकत बसले. पुढे कॉलेजात गेल्यावर मीच खोदून खोदून विचारलं, तेव्हा काकांनी सगळं सांगितलं. चौकटीतली ती अक्षरं बहाई लोकांच्या श्रद्धेची होती. आणि ती फाशी 18 जूनच्या रात्री दिली होती. आम्ही आरडाओरडा करत कपिलच्या धावा मोजत होतो, तीच तारीख.

त्या मुलीचं नाव मोना महमूदनिझाद. वय सतरा. तिच्यावर ठेवलेल्या आरोपांत एक होता लहान मुलांचे वर्ग घेण्याचा. तिच्या वडिलांना तीन महिने आधी, मार्चमध्ये, फासावर चढवलं होतं. त्या दहा जणींत एका घरातली आई आणि मुलगी होती, इज्जत आणि रोया इश्राकी. रोया पशुवैद्यकाचं शिकत होती. तिच्या वडिलांना दोनच दिवस आधी फाशी झाली होती. म्हणजे एका आठवड्याच्या आत एका घरातली तीन माणसं. दहा जणींना एकामागून एक नेलं आणि मागे राहिलेल्यांना ते बघायला लावलं. या सगळ्यांना सुटकेचा रस्ता उघडा होता, हे मला कळलं तेव्हा मी सर्वांत जास्त हादरले. आम्ही बहाई नाही, मुसलमान आहोत, एवढं म्हणा, सही करा आणि घरी जा, असं त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं होतं. एकीनेही ते केलं नाही.

महोदय, खुन्याला असं कुणी सांगत नाही. हेराला सांगत नाही. ‘मी खून केला नाही’ असं नुसतं म्हणून कुणी सुटत नाही. जो आरोप श्रद्धा सोडताच विरून जातो, तो आरोप श्रद्धेचाच असतो. आपली न्यायालयं कागदावर काहीही लिहोत, देऊ केलेल्या त्या सुटकेनेच खरं कारण उघड केलं.

यानंतरच मी या लोकांबद्दल जमेल तितकं समजून घेत गेले. हा धर्म आपल्याच मातीतला. 1844 मध्ये शिराझमध्ये बाब यांनी त्याची सुरुवात केली. 1850 मध्ये तब्रीझला त्यांना गोळ्या घालून मारलं. त्यांच्यामागून आलेले बहाउल्ला तेहरानचे. 1852 मध्ये तेहरानच्या ‘सियाह चाल’ या अंधारकोठडीत साखळदंडांत होते, मग बगदाद, इस्तंबूल, एदिर्ने आणि शेवटी अक्का असा हद्दपारीचाच प्रवास. एकच ईश्वर, सगळी माणसं एक कुटुंब, स्त्री-पुरुष समान, धर्म आणि विज्ञान यांत वैर नाही, अशी शिकवण. पुरोहित नाहीत. पक्षीय राजकारणात पडायचं नाही, ज्या देशात राहाल तिथल्या सरकारशी प्रामाणिक राहायचं, हा दंडक. आणि शिक्षिका म्हणून जे मला फार मोलाचं वाटतं ते हे : त्यांच्या प्रमुख ग्रंथात, ‘किताब-ए-अक्दस’मध्ये, मुलगा असो वा मुलगी, दोघांना शिकवणं हे बापाचं कर्तव्य म्हणून घालून दिलं आहे. हा ग्रंथ पहिल्यांदा छापला गेला तो आमच्या मुंबईत, 1890-91 च्या सुमारास. पाचगणीला बहाईंनी 1945 मध्ये सुरू केलेली शाळा आजही आहे, आमच्या साताऱ्या-सांगलीची मुलंसुद्धा तिथे शिकली आहेत. दिल्लीचं कमळाच्या आकाराचं मंदिर बघायला तर सहलीच्या सहली जातात. ते उभारणारे वास्तुविशारद फरीबोर्झ सहबा इराणचेच. आपल्या देशात ज्यांना कॉलेजचं दार बंद आहे, त्यांच्यातल्याच एकाने बांधलेली वास्तू आम्ही परदेशी पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो.

इथे थोडं विषयांतर करते, कारण इतिहास शिकवताना हे मी दरवर्षी मुलांना सांगत असे. 1848 च्या जानेवारीत आमच्या पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा भरली. सावित्रीबाईंवर लोकांनी शेण फेकलं. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात इराणमध्ये बदश्त गावी ताहिरा नावाची कवयित्री, बाब यांची अनुयायी, पुरुषांच्या सभेत चेहऱ्यावरचा बुरखा बाजूला सारून उभी राहिली. चार वर्षांनी तिला तेहरानमध्ये ठार मारलं. सावित्रीबाईंना शेण झेलून शिकवत राहता आलं. ताहिराला जगूही दिलं नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, तुरुंगाची. 1980 च्या ऑगस्टमध्ये इराणी बहाईंच्या राष्ट्रीय मंडळाचे नऊ सदस्य पळवून नेले गेले, ते आजतागायत सापडले नाहीत. त्यांच्या जागी आलेल्यांपैकी आठ जणांना 1981 च्या डिसेंबरमध्ये गोळ्या घातल्या. 1979 च्या इस्लामी क्रांतीनंतर दोनशेहून अधिक बहाई मारले गेले. 1983 मध्ये सरकारी वकिलांनी त्यांच्या संस्थांवर बंदी आणली, तेव्हा बहाईंनी सरकारचा हुकूम मानून त्या स्वतः बरखास्त केल्या. त्यानंतर समाजाची लग्नं, मयत, मुलांचं शिक्षण अशा रोजच्या गोष्टी बघायला सात जणांचा एक साधा गट होता, ‘यारान’, म्हणजे मित्र. आपल्या सरकारला तो माहीत होता. 2008 मध्ये त्या सातही जणांना पकडलं. हेरगिरी, शासनाविरुद्ध प्रचार असे आरोप लावले. नोबेल मिळालेल्या शिरीन एबादी त्यांच्या वकील होत्या. वीस वर्षांची शिक्षा झाली, पुढे ती दहा वर्षांवर आली, आणि ती त्यांनी भोगली.

त्या सातांतल्या महवश साबेत यांच्याबद्दल मला वेगळं सांगायचं आहे, कारण त्या माझ्याच पेशाच्या. शिक्षिका होत्या, मुख्याध्यापिका झाल्या. क्रांतीनंतर बहाई म्हणून त्यांना कामावरून काढलं. तुरुंगात त्या कविता लिहू लागल्या. त्या कविता भिंतीबाहेर आल्या, दुसऱ्या भाषांत गेल्या, आणि 2017 मध्ये इंग्लिश पेन या लेखकांच्या संस्थेने त्यांचा धैर्यवान लेखिका म्हणून गौरव केला. त्याच वर्षी शिक्षा संपून त्या घरी आल्या. पाच वर्षंही झाली नाहीत, तोच 31 जुलै 2022 रोजी त्यांना आणि फरीबा कमालाबादी यांना पुन्हा उचललं. फरीबा मानसशास्त्रातल्या. 2008 मध्ये त्या गेल्या तेव्हा त्यांची धाकटी मुलगी शाळेत होती. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये तासाभराची सुनावणी झाली आणि दोघींना पुन्हा दहा-दहा वर्षं. त्या तासाभरात न्यायाधीशांनी त्यांना सुनावलं की मागच्या तुरुंगवासातून तुम्ही धडा घेतला नाहीत. ही हकिगत बहाई आंतरराष्ट्रीय समुदायाने जगाला सांगितली आहे.

बत्तीस वर्षं मी फळ्यासमोर उभी राहिले. ‘धडा’ हा शब्द दिवसातून दहा वेळा तोंडात यायचा. वर्गात मुलाने चूक केली तर ती काय होती हे आधी त्याला दाखवावं लागतं. महवशबाईंना जवळजवळ दहा वर्षं कोठडीत ठेवून आपण त्यांची कोणती चूक दाखवून दिलीत? त्यांनी कुणाला मारलं? कुणाचं घर जाळलं? कोणतं गुपित विकलं? 2024 च्या अखेरीस, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांच्या हृदयावर मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. सात जणांतले जमालोद्दीन खानजानी यांना 2023 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पकडलं, तेव्हा त्यांचं वय होतं नव्वद. नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याला रात्रीचं उठून पाणी लागलं तर कुणी द्यायचं, याचा विचार आमच्याकडे परका माणूसही करतो.

आणि हे थांबलेलं नाही. 2024 मध्ये इस्फहानच्या न्यायालयाने दहा बहाई स्त्रियांना तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या. त्यांच्यावरच्या आरोपांत मुलांसाठी वर्ग घेण्याच्या गोष्टी होत्या. शिराझच्या दहा जणींना एकेचाळीस वर्षं झाली होती. आरोप तोच, आकडाही तोच. त्याच वर्षी ह्यूमन राइट्स वॉचने सगळं तपासून म्हटलं की बहाईंचा हा छळ मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरतो.

दुसरी तक्रार शिक्षणाची, आणि ती लिहिताना माझा हात जड होतो. 25 फेब्रुवारी 1991 रोजी आपल्या सर्वोच्च क्रांतिकारी सांस्कृतिक परिषदेने ‘बहाई प्रश्ना’वर एक गोपनीय टिपण काढलं. त्यात लिहिलं आहे की या लोकांशी असं वागावं की त्यांची प्रगती आणि विकास रोखला जाईल. विद्यापीठात प्रवेश घेताना किंवा शिकत असताना कुणी बहाई असल्याचं कळलं, तर त्याला काढून टाकावं. दोन वर्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधीने ते जगासमोर आणलं. 2006 मध्ये आपल्या विज्ञान मंत्रालयाने 81 विद्यापीठांना तोच हुकूम पुन्हा पाठवला. मुलं कोंकूर, म्हणजे विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, देतात, रात्र रात्र अभ्यास करून. निकालाच्या दिवशी संगणकावर उत्तर येतं : ‘फाइल अपूर्ण’. फाइलमध्ये काय अपूर्ण आहे हे त्या मुलाला माहीत असतं, विद्यापीठालाही माहीत असतं.

मी निकालाच्या दिवशी शाळेच्या कठड्याला टेकून उभी असलेली मुलं पाहिली आहेत. नापास झालेलं पोर रडायचं, पण त्याला ऑक्टोबरची परीक्षा दिसत असायची. ज्याने सगळे गुण मिळवले त्याला ‘तुझी फाइल अपूर्ण’ म्हणून परत पाठवायचं, हे कोणत्या शिक्षकाच्या जिवाला सोसेल?

या मुलांनी दगड उचलला नाही. बहाईंनी 1987 मध्ये स्वतःची उच्च शिक्षण संस्था काढली, लोकांच्या घरांत. एका दिवाणखान्यात रसायनशास्त्र, दुसऱ्या घराच्या स्वयंपाकघरात प्रयोगशाळा, नोकरीतून काढलेले प्राध्यापक शिकवायला. आपल्या यंत्रणेने 1998 मध्ये पाचशेहून अधिक घरांवर छापे घातले, पुस्तकं आणि यंत्रं उचलून नेली. 2011 मध्ये पुन्हा छापे पडले आणि शिकवणाऱ्यांना चार-पाच वर्षांच्या शिक्षा झाल्या. आपल्या घरात बसून शेजारच्या मुलीला गणित शिकवणं हा जिथे तुरुंगात जाण्याजोगा अपराध ठरतो, तिथे माझ्यासारखीला जन्मठेपच झाली असती.

तिसरी तक्रार कायद्याची, म्हणजे थेट आपल्या अधिकारातली. आपल्या संविधानाचं तेरावं कलम पारशी, यहुदी आणि ख्रिस्ती एवढ्यांनाच धार्मिक अल्पसंख्य मानतं. बहाई सुमारे तीन लाख आहेत असं मानलं जातं, म्हणजे मुसलमान सोडून इराणमधला तो सर्वांत मोठा धर्मसमाज, आणि कायद्याच्या लेखी तो नाहीच. पण त्याच संविधानाचं तेविसावं कलम सांगतं की माणसाच्या श्रद्धेची चौकशी करता येणार नाही आणि केवळ एखादी श्रद्धा आहे म्हणून कुणाला त्रास देता येणार नाही. त्यात ‘फक्त मान्य धर्मांना’ असं लिहिलेलं नाही. आपल्या देशाने 1975 मध्ये नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला, त्याच्या अठराव्या कलमातही हेच स्वातंत्र्य आहे, आणि तो करार आपण आजवर सोडलेला नाही. मग 2020 च्या सुरुवातीला राष्ट्रीय ओळखपत्राच्या अर्जातून ‘इतर’ हा धर्माचा पर्याय काढून कुणाची सोय केली? बहाई माणसाला आपला धर्म लपवायची मुभा त्याच्या श्रद्धेत नाही. त्याच्यापुढे आता दोनच वाटा : खोटं लिहा, नाहीतर ओळखपत्राशिवाय राहा. ओळखपत्र नाही तर बँक नाही, गाडीचा परवाना नाही, परदेशी जाणं नाही. शासनच नागरिकाला अर्जात खोटं लिहायला सांगतं, असं मी दुसरीकडे कुठे ऐकलं नाही. माझ्या वर्गात मुलांनी वहीवर खोटी सही केली तर मी त्यांना उभं करत असे.

चौथी, हेरगिरीची. बहाईंचं जागतिक केंद्र आजच्या इस्राएलमधल्या हैफाला आहे, म्हणून ते इस्राएलचे हेर, असं आपल्याकडून सतत सांगितलं जातं. 2025 च्या जूनमध्ये इस्राएलशी झालेल्या युद्धानंतर तर या आरोपाचा जोर आणखी वाढला, घरांवर पुन्हा छापे पडले. मी इतिहासाची शिक्षिका, म्हणून दोन सनांकडे लक्ष वेधते. बहाउल्ला कैदी म्हणून हैफाजवळच्या अक्का इथे पोचले 1868 मध्ये. इस्राएल नावाचं राष्ट्र झालं 1948 मध्ये. मधली ऐंशी वर्षं. त्यांना तिथे पाठवलं उस्मानी सुलतानाने, आणि त्यांना मुळात मायदेशातून घालवलं इराणच्या शहाने. ते 1892 मध्ये तिथेच वारले, तिथेच त्यांची समाधी झाली. ज्यांना आपण दाराबाहेर ढकललं, ते जिथे जाऊन पडले त्या जागेचाच आरोप त्यांच्या पणतवंडांवर ठेवायचा, हा कुठला न्याय?

बाकीचं थोडक्यात लिहिते, कारण प्रत्येक गोष्टीपाशी थांबले तर पत्र संपणार नाही. 2 ऑगस्ट 2022 रोजी माझंदरानमधल्या रोशनकूह गावात बहाईंची घरं यंत्रं लावून पाडली. शिराझचं बहाई कब्रस्तान, जिथे त्या दहा जणी पुरल्या होत्या, ते 2014 मध्ये खणून काढलं. आमच्याकडे शत्रू मेला की वैर संपलं असं मानतात. महाराजांनी अफझलखानाची कबर प्रतापगडाखाली बांधू दिली, हे आमचं लहान पोरही सांगतं. सतरा वर्षांच्या मुलीच्या कबरीचा आपल्याला काय धाक होता?

हे वाचून कुणी म्हणेल, बाई, परदेशाच्या कारभारात तुम्ही कशाला पडता, आधी आपल्या घरात बघा. बरोबर आहे. आमच्या देशातही श्रद्धेवरून माणसांना मारहाण होते, घरं पडतात, निरपराध माणसं खटला उभा राहायची वाट बघत तुरुंगात कुजतात. त्याबद्दलही मी लिहिलं आहे, सह्या केल्या आहेत, नातेवाइकांचा राग ओढवून घेतला आहे. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत इराणमधल्या दडपशाहीच्या चौकशीचा ठराव आला, तेव्हा भारत तटस्थ राहिला, तेही मला पटलं नाही. पण आपलं घर पूर्ण झाडून होईपर्यंत शेजारच्या घरातली किंकाळी ऐकू आली नाही असं म्हणायचं, हे मला जमणार नाही.

शिवाय आपल्याच घरातून हे बोलणारे होते. आयातुल्ला मोंतझेरी, जे एके काळी इमाम खोमेनींचे वारस ठरले होते, त्यांनी 2008 मध्ये सांगितलं की बहाई या देशाचे नागरिक आहेत, इथल्या पाण्या-मातीवर त्यांचा हक्क आहे आणि त्यांच्याशी दयेने वागलं पाहिजे. 2014 मध्ये आयातुल्ला मासूमी तेहरानी यांनी बहाई वचन स्वतःच्या हाताने सुलेखनात रेखून जगभरच्या बहाईंना भेट दिलं. 2016 मध्ये फरीबा कमालाबादी पाच दिवसांच्या रजेवर घरी आल्या, तेव्हा माजी राष्ट्राध्यक्ष रफसंजानींच्या कन्या फाएझेह हाश्मी त्यांना भेटायला गेल्या. तुरुंगात एकत्र राहिल्या होत्या म्हणून गेल्या. केवढा गहजब झाला त्या भेटीवरून! धर्मशास्त्र मला शिकवायचं नाही. मी फक्त एवढंच दाखवते आहे की मी जे मागते आहे, ते पुण्याच्या एका बाईचं खूळ नाही, आपल्या विद्वानांनी आणि आपल्या लेकींनीही ते मागितलं आहे.

माझ्या मागण्या अशा :

1. महवश साबेत आणि फरीबा कमालाबादी यांच्या शिक्षा रद्द कराव्यात. आजारपणाची सवलत किंवा तात्पुरती रजा म्हणून नको, त्यांनी गुन्हा केला नव्हता असं लिहून.

2. प्रार्थना, सभा, मुलांचे वर्ग, घरातलं शिक्षण एवढ्याच कारणावरून तुरुंगात असलेल्या किंवा जामिनावर खटल्याची वाट बघणाऱ्या प्रत्येक बहाई माणसाला सोडावं. इस्फहानच्या स्त्रियांचाही यात समावेश व्हावा.

3. 2021 मध्ये दंडसंहितेत जोडलेलं, ‘इस्लामविरोधी प्रचारा’च्या नावाखाली श्रद्धेवरून शिक्षा देणारं 500 व्या कलमाचं उपकलम मागे घेण्याची शिफारस आपण करावी, आणि तोवर न्यायाधीशांनी तेविसावं कलम पाळावं असा लेखी आदेश काढावा.

4. 1991 चं टिपण जाहीरपणे रद्द व्हावं. ‘फाइल अपूर्ण’ म्हणून परत पाठवलेल्या मुलांना त्यांच्या गुणांप्रमाणे प्रवेश मिळावा.

5. ओळखपत्राच्या अर्जात एकतर ‘इतर’चा पर्याय परत यावा, किंवा धर्माचा रकानाच जावा.

6. 1980 मध्ये नाहीशा झालेल्या नऊ जणांचं काय झालं, हे त्यांच्या वारसांना सांगावं. वाट बघणारी माणसंही आता म्हातारी झाली आहेत.

7. शिराझच्या त्या दहा जणी जिथे होत्या, ती जागा त्यांच्या समाजाला परत द्यावी.

यातली एकही मागणी आपल्या राज्याला धोका पोचवणारी नाही. बहाईंनी कधी सत्ता मागितली नाही, वेगळा प्रांत मागितला नाही. त्यांना त्यांच्याच देशात राहू द्यावं, शिकू द्यावं, मेल्यावर मातीत निवांत पडू द्यावं.

कोपऱ्यावरचं ते हॉटेल आता नाही. तिथे मोबाइलचं दुकान आहे. काका 1990 च्या दशकातच गेले. जाण्यापूर्वी एकदा शिराझ बघायचं, तिथे बाब यांचं घर होतं ती जागा बघायची असं म्हणायचे. ते घरही 1979 मध्येच पाडलं गेलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी जायचं म्हणायचे. त्या दिवशीचा पेढा त्यांनी खाल्ला का, हे मी कधी विचारलं नाही.

हे पत्र मी वर्तमानपत्रांनाही देते आहे, आणि मूळ प्रत स्पीड पोस्टाने आपल्या मुंबईच्या दूतावासाकडे पाठवते आहे. सोबत माझा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडलं आहे. पोच द्यावी ही विनंती. उत्तर आलं नाही तर दर वर्षी 18 जूनला याच पत्राची एक प्रत पाठवत राहीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
पुणे